गाडीच्या काचेवरचं नाव

अहो वहिनी, जरा इकडे या ना. अशा अगदी कुंपणाला खेटून. नाही, तुमच्या मेथीला काही नाही झालेलं, हरणं अजून आली नाहीयेत. कोपऱ्यावरच्यांची वरची खिडकी उघडी दिसतेय, म्हणून हळू बोलते. ऐकलंत का? झालं एकदाचं! एक मेला, रात्री अकरा वाजून गेल्यावर, त्यांनी पोरीच्या कॉलेजचं डिपॉझिट भरलं म्हणे. आणि कुठे भरलं, सांगा बघू?

टेक्सासला!

हो हो, कोलंबिया नाही. राइस. ह्यूस्टनचं. आणि त्या नावावरचे सगळे विनोद मराठी मंडळात करून झालेत, मी परत करत नाही.

आता तुम्हाला तर माहितीच आहे, मार्चअखेरीला ते आयव्ही लीगच्या कॉलेजांवाले कसा सगळ्यांचा निकाल एकाच संध्याकाळी सातला लावतात ते. त्या दिवशी मी पोळ्या करत होते, आणि त्यांच्या घरातून अशी किंकाळी आली की मला वाटलं कुणी पडलंबिडलं. तवा तसाच ठेवून धावले. बघते तर काय, कोपऱ्यावरच्या वहिनी रडतायत, भावजी लॅपटॉपला नमस्कार करतायत, आणि पोरगी आपली कोपऱ्यात, मांजराला कुरवाळत. कोलंबिया मिळालं म्हणून पुण्याला लगेच फोन. तिथे पहाटेचे साडेचार. आजोबा बिचारे दचकून उठले, आधी वाटलं काही वाईट बातमी. मग म्हणे तिथूनच विचारलं, "स्वेटशर्ट एक्सेल पाठवा." कमला नेहरू पार्कला सकाळी फिरायला घालायचा होता ना! तिथे काय, एकेकाच्या अंगावर नातवाचं कॉलेज असतं.

तर काय सांगत होते... हां, पाडव्याचा कार्यक्रम. तुम्ही नव्हतात, तुमच्याकडे पाहुणे होते. अहो, काय तो थाट! नवी पैठणी, नथ, आणि ताट घेऊन ज्या टेबलाशी जातील तिथे, "अगं, कोलंबिया मिळालं. हो, आपल्या बाबासाहेबांचं." डेंटिस्टबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांचा मुलगा मागच्या वर्षी वेटलिस्टवर राहिला होता ना. श्रीखंडाचा चमचा असा हवेतच राहिला हो! मग म्हणाल्या, "वा, छान, पण सेफ आहे का हल्ली न्यूयॉर्क?" मी मनात म्हटलं, बाई, तुमच्या प्रॅक्टिसचं दुसरं ऑफिस मॅनहॅटनमध्येच आहे!

पण खरी गंमत घरी जाताना गाडीत झाली. भावजींच्या आई, म्हणजे पोरीच्या आजी, मागे बसल्या होत्या, त्यांनीच सांगितलं, मी काही विचारलं नाही हां. भावजी म्हणाले, मागच्या काचेवर उजव्या कोपऱ्यात लावू या स्टिकर. इकडची पद्धतच ती. आधी काच पुसून जागा करतात, मग मूल कुठे जाणार ते ठरतं. तर पोरगी शांतपणे म्हणाली, "मी अजून ठरवलेलं नाहीये. राइसनंही घेतलंय मला."

गाडीत शांतता. आजी म्हणाल्या, सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना.

राइसचा निकाल आधीच आला होता, पण त्याचा कुणी पेढाही वाटला नव्हता. बॅकअप म्हणे! दहात एकालाही धड घेत नाहीत तिथे, आणि ते ह्यांचं बॅकअप. आणि खरं तर वहिनींच्या मनात नोव्हेंबरातच कोलंबियाला अर्ली डिसिजन भरायचं होतं. तो म्हणजे साखरपुडाच की, हो म्हटलं की दुसरी स्थळं बघायची नाहीत, देण्याघेण्याची बोलणी करायची नाहीत. पोरीनं तेव्हाच पाय रोवले होते. वहिनींना वाटलं, घाबरली असेल.

मग सुरू झालं महाभारत. महिनाभर. मी रोज संध्याकाळी आजींबरोबर फेरी मारायला जाते ना, तर माझ्याकडे ताजे अंक यायचे.

भावजींचं म्हणणं काय, तर कोलंबियाचा तो कोर अभ्यासक्रम. 1919 पासून चालू आहे म्हणे, सगळ्यांनी होमर वाचायचा, प्लेटो वाचायचा, मग पुढचं. भावजी मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात चार वर्षं वर्कशॉप आणि ड्रॉइंग शीट, बाकी काही नाही. आता पन्नाशीत त्यांना इलियड वाचायचंय! आजी म्हणाल्या, "ह्यालाच पाठवा." आणि तिथे पोहून दाखवल्याशिवाय पदवी नाही असा एक जुना नियम आहे, ते कळल्यावर तर आजी अर्धा तास हसत होत्या. "एवढे पैसे घेऊन वर विहिरीत ढकलतात का?"

वहिनींचं म्हणणं वेगळं. जवळ आहे. आपल्या एडिसनहून ट्रेन, पेन स्टेशनला उतरायचं, एक नंबरची सबवे, एकशे सोळावा रस्ता. शनिवार-रविवार घरी येता येईल, डबे नेता येतील. तर पोरगी काय म्हणाली माहितीय? "आई, तेच तर."

अहो, वहिनींचा चेहरा! मला सांगताना आजींचाही पडला होता.

पण खरं सांगू का, मुलगी वाईट अर्थानं नाही म्हणाली. तुम्ही तिला लहानपणापासून बघताय. गणेशोत्सवात नाटक बसवायचं म्हटलं की ही आपली पडद्यामागे. चार माणसांत कुणी ओढून नेलं तर छान रमते, स्वतःहून जाऊन "हाय" म्हणणार नाही. कोलंबियाच्या त्या ॲडमिटेड मुलांच्या दिवसाला गेली होती. कॉलेजात वाईट काही नाही हो, उलट ज्या वर्गात बसली तो आवडला. पण संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, तिथली सगळी मुलं लेक्चर संपलं की शहरात पांगतात, मी आपली खोलीत बसेन आणि ट्रेन पकडून घरी येईन. आपण आपल्या पोरीला ओळखतो असं वाटतं, पण तीच स्वतःला जास्त ओळखून होती.

आणि राइसला? बाप-लेक विमानानं गेले. तिथे म्हणे दाखल होण्याआधीच प्रत्येक मुलाला चिठ्ठी काढल्यासारखं एकेका रेसिडेन्शियल कॉलेजात टाकतात. आपण निवडायचं नाही. मग चार वर्षं तेच आपलं, तिथलंच जेवण, तिथल्याच स्पर्धा, सायकलच्या शर्यतीसुद्धा कॉलेजवार. शेजारच्या घरात एक प्राध्यापक बायकामुलांसकट राहायला. आणि ते फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी प्रकरणच नाही, म्हणजे कुणी आपल्याला घेतंय का, ह्याची वाट बघत बसायला नको. लाजाळू पोरीला आणखी काय हवं? रस्ता ओलांडला की समोर ते टेक्सास मेडिकल सेंटर, एवढाल्या रुग्णालयांचं गावच. हिला बायॉलॉजीतलं संशोधन करायचंय. एका प्राध्यापकबाईंना आधी मेल टाकला होता, त्या लॅबमध्ये घेऊन गेल्या, अर्धा तास बोलत बसल्या. भावजी बाहेर बाकावर. परत आले ते गप्प. वहिनींना म्हणाले, "तिला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं."

पण तरी भावजी सोडतायत थोडेच! शेवटचं अस्त्र काढलं. बाबासाहेब. "अगं, 1913 साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन तो माणूस त्याच विद्यापीठात गेला. तिथे अजून त्यांचा पुतळा आहे. त्या पायऱ्या चढायला मिळतायत आणि तू नाही म्हणतेस?" पाणी आलं हो भावजींच्या डोळ्यांत.

तर ही पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्हीच मला शंभरदा सांगितलंय, त्यांना तिथे सेलिगमन, ड्यूई असे प्राध्यापक भेटले, म्हणून ते घडले. मी दोन्हीकडे जाऊन बघून आले, मला कोण भेटणार ते. रँकिंग तर तेव्हा नव्हतंच."

खरंच की. ते यू. एस. न्यूजचं रँकिंग 1983 साली सुरू झालं. मासिकवाल्यांनी काढलेलं! आणि आपण त्याच्यापुढे गुढी उभारल्यासारखे हात जोडतो.

आणि रँकिंगचं म्हणाल, तर कोलंबियाचीच गंमत विसरलात का? 2022 ची? त्यांच्याच गणिताच्या प्राध्यापकानं, थॅडियस त्याचं नाव, बसून हिशेब तपासले आणि म्हणाला, आपण पाठवलेले आकडे जुळत नाहीत. वीसाच्या आत मुलं असलेले वर्ग किती, ह्यातच घोळ. विद्यापीठाला कबूल करावं लागलं. झालं, दुसऱ्या नंबरवरून धाडकन अठरावर! आता मला सांगा, एका रात्रीत लायब्ररी आटली? प्राध्यापक पळून गेले? इमारती तिथेच, मास्तर तेच, मुलं तीच. पण आपल्या त्या पार्सिपनीच्या काकू, ज्यांची सून तिथली, त्या महिनाभर मंडळात फिरकल्या नाहीत.

तर काय सांगत होते... हां, पैसे. ह्या विषयावर कुणी बोलत नाही, पण मी बोलते. कोलंबियाचे वर्षाला नव्वद हजारांच्या वर. डॉलर, वहिनी! चार वर्षांचे साडेतीन लाखांच्या वर. आणि आयव्हीवाले हुशारीसाठी म्हणून एक दमडी देत नाहीत, फक्त गरज बघून देतात. दोघंही आयटीत असलेल्या घराला कसली गरज दाखवणार? राइसची फीही काही कमी नाही, पण त्यांनी मेरिटवर थोडी सूट दिली. किती, ते आजींनी सांगितलं नाही. म्हणजे बरीच असणार. नाहीतर सांगितलं असतं.

त्या राइसची पण कथा आहे बरं का. आमचे हे परवा वाचून दाखवत होते, मी भाजी निवडता निवडता थांबले. विल्यम मार्श राइस, मोठा व्यापारी, सगळा पैसा कॉलेज काढायला ठेवलेला. 1900 साली, इथेच न्यूयॉर्कात, त्याच्याच नोकरानं त्याला क्लोरोफॉर्म देऊन मारलं! वकिलाशी संगनमत, खोटं मृत्युपत्र. आणि सापडले कशावरून? चेकवर वकिलाचं नावच चुकीचं लिहिलं, अल्बर्टमधला एल गायब. बँकेला संशय आला. म्हणजे एक अक्षर बरोबर पडलं असतं तर ते कॉलेजच झालं नसतं! पुढे 1912 मध्ये सुरू झालं, आणि 1965 पर्यंत तिथे फीच नव्हती. हे ऐकून भावजी म्हणाले, "आपण साठ वर्षं उशिरा आलो."

बरं, आता तुम्ही म्हणाल, नावाला काहीच किंमत नाही का? आहे हो. मी खोटं कशाला बोलू. आपल्या त्या ग्रोसरीत काउंटरवर बसतात ना त्या बेन, त्यांची मुलगी प्रिन्स्टनला गेली. घरात कॉलेज बघितलेलं कुणी नाही, वडील गॅस स्टेशनवर. प्रिन्स्टननं 2001 पासून मदतीच्या पॅकेजमधून कर्जच काढून टाकलंय, त्यामुळे तिला जवळजवळ फुकट पडलं. त्या पोरीला नावानं काय नाही दिलं? कुणाला फोन करायचा, इंटर्नशिप कशी मागायची, कोट कुठला घालायचा, हे सगळं तिला तिथे कळलं. आपल्या कोपऱ्यावरच्या पोरीला ते घरात जेवणाच्या टेबलावर मिळतं.

हे माझं शहाणपण नाही हां. आमचे हे रिटायर झाल्यापासून सगळं प्रिंट काढून वाचतात, फ्रीजवर चिकटवतात. स्टेसी डेल आणि तो प्रिन्स्टनचा ॲलन क्रुगर, दोघांनी 2002 साली छापलंय: मोठ्या नावाच्या कॉलेजांनी घेतलेली, पण तिथे न जाता कमी नावाच्या कॉलेजात गेलेली मुलं पुढे साधारण तेवढंच कमावतात. म्हणजे कर्तबगारी पोराची, कॉलेज आपलं श्रेय घेतं. फक्त गरीब घरातल्या मुलांना मोठ्या नावाचा खरा फायदा होतो. मी म्हटलं, बघा, बेनची मुलगी!

पण भावजी काय हार मानतात? त्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांना राज चेट्टीचा पेपर पाठवला, 2023 चा, हार्वर्डवाल्या चेट्टीचा. त्यात म्हणे आठ आयव्ही आणि वर चार, अशी बारा कॉलेजं घेतली. चांगल्या सरकारी विद्यापीठांशी तुलना केली तर सरासरी कमाईत फारसा फरक नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोचायची शक्यता दीडपट होते. "बारांत राइस नाही," भावजींनी खाली मुद्दाम लिहून पाठवलं. आमच्या ह्यांनी उत्तर दिलं, "वरच्या एक टक्क्यात जायचंय असं ती म्हणाली का?" त्यावर दोन दिवस अबोला. दोघं एकाच गाडीतून बॅडमिंटनला जातात, तरी अबोला! मला मेलीला काळजी, आता आमच्या गॅरेजचं दार कोण दुरुस्त करणार.

आणि ब्रिजवॉटरच्या त्यांचा मुलगा आठवतो? तोच हो, स्पेलिंग बीवाला. मोठ्या नावाचं कॉलेज, मी नाव घेत नाही. आईबापांनी ठरवलं, त्यानं मान डोलावली. दीड वर्षात घरी. तब्येत म्हणाले, मोनो झालाय म्हणाले, आपण सगळ्यांनी मान डोलावली. आता रटगर्सला आहे. फी निम्म्याहून कमी, आणि मागच्या इंडिया डेला मला भेटला तर ओळखू येईना! केस वाढवलेत, दोन मैत्रिणी बरोबर, प्राध्यापकाबरोबर कसलातरी पेपर लिहितोय. त्याची आई मात्र अजून जुन्याच कॉलेजचा मग वापरते. मी स्वतः बघितलाय. चहा मला साध्या कपात दिला.

आता मी काही आंधळेपणानं फिटफिट करणाऱ्यातली नाही. ह्या पोरांचा तो "फिट" शब्द ऐकला की मला जरा हसूच येतं. एप्रिलमध्ये घेऊन जातात, हिरवळीवर पिझ्झा देतात, हसऱ्या मुली फिरवतात, आणि पोरं परत येऊन म्हणतात, "इट जस्ट फेल्ट राइट." अगं, एप्रिलमधलं ह्यूस्टन! ऑगस्टमध्ये जा म्हणावं, मुंबईच्या मे महिन्याची आठवण येईल. पण ही पोरगी वेगळी निघाली. ती हिरवळ बघत बसली नाही, कोणाला मेल करायचा, वर्गात किती मुलं, पहिल्या वर्षी लॅबमध्ये हात लावू देतात का, जेवायला एकटं बसलेलं कुणी दिसतं का, हे बघून आली. ते शेवटचं तर माझ्या डोक्यातही आलं नसतं. आणि दोन्ही ठिकाणी तेच बघितलं.

तर मग एक मेची रात्र. सगळे जेवणाच्या टेबलाशी. वहिनी म्हणाल्या, "तुला जे करायचंय ते कर." त्या सुरात, कळलं ना? आजी म्हणाल्या, सुनेच्या त्या सुरानं त्यांनाच त्यांच्या सासूबाई आठवल्या. पोरगी लॅपटॉप घेऊन आली आणि बापासमोर ठेवला. कार्ड तर बापाचंच ना! भावजींनी दहा मिनिटं नुसती चष्म्याची काच पुसली. मग विचारलं, "तिथे होमर शिकवतात का?" ती म्हणाली, "इलेक्टिव्ह आहे. घेईन मी. दर आठवड्याला तुम्हाला नोट्स पाठवीन." आणि भावजींनी नंबर टाकला.

मला आजींनी हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी त्या मेलबॉक्सपाशी उभ्याच राहिलो.

मग आली स्वेटशर्टची पेटी. अहो, राइसचं चिन्ह घुबड! आजी म्हणाल्या, "अगंबाई, घुबड? घरात?" वहिनी लगेच, "आई, लक्ष्मीचं वाहन आहे ते." आजी म्हणाल्या, "हो, पण कुठल्या दिशेला निघालंय?"

पण थांबा, खरी बातमी तर पुढेच आहे. काल भिशी होती. मला वाटलं वहिनी येणारच नाहीत. आल्या! आणि काय बोलल्या! "राइस म्हणजे दक्षिणेतलं हार्वर्डच. शंभरातल्या आठांना घेतात. केनेडींनी चंद्रावर जायचं भाषण तिथेच केलं, 1962 ला. कोलंबियाला काय, कोणीही जातं." कोणीही! पाडव्याला पैठणी नेसून हीच बाई... मी पाणी प्यायले. डेंटिस्टबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी डेंटिस्टबाईंकडे. आणि जाताना बघते तर होंडाच्या मागच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात, निळं घुबड! इतकं मोठं की मागचं दिसतं की नाही कोण जाणे. पोरगी ड्राइव्हवेमध्ये उभी होती, मला बघून नुसते डोळे फिरवले.

आजोबांना पुण्याला लार्ज गेलाय, एक्सेल संपला होता.

बरं, ते जाऊ दे. तुमचा धाकटा आता ज्युनिअर ना? म्हणजे ह्याच शरद ऋतूत अर्ज. परवा माझ्याकडे कढीपत्ता न्यायला आला तेव्हा विचारलं मी, यादी केलीस का रे म्हणून. तर म्हणतो, "आईनं केलीये, मावशी." पंधरा कॉलेजं, हो ना? आणि त्यातली त्यानं पाहिलेली किती?... अहो वहिनी, कुकरची शिट्टी नाही झालेली, मी ऐकतेय ना. आत कुठे निघालात?